रिकामा न ठेवलेला रकाना

तेल्हाऱ्याकडच्या एका गावातून तो माणूस पहिल्यांदा आमच्या प्रयोगशाळेत आला तेव्हा त्याच्या पिशवीत सलाईनच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भरलेलं पाणी होतं. मी म्हटलं, "या बाटल्या चालत नाहीत."

"काहून मॅडम? दवाखान्यातल्या हायेत. याच्यापेक्षा साफ काय राहीन?"

मला हसू आलं. मी त्याला आमच्याकडची एक लिटरची कोरी बाटली दिली आणि नमुना कसा घ्यायचा ते नळाखाली उभं करून दाखवलं. आधी पंप बराच वेळ हापसायचा. मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची. काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचं, चिठ्ठीवर गाव, जागा, तारीख, वेळ. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि तेल्हाऱ्याची गाडी पकडून परत गेला. तिसऱ्या दिवशी नवा नमुना घेऊन हजर. चिठ्ठीवर वेळ लिहिलेली होती, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे हजारो बाटल्या आल्या असतील, पण मिनिटं लिहिणारा तो एकटाच.

मी अकोल्याला एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनी होते. घर अमरावतीला, राजापेठेत. रोज अपडाऊन. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी अकोल्याहून परत. गावोगावच्या विहिरी, बोअर, नळ यांचं पाणी पिण्यालायक आहे की नाही हे तपासायचं आणि तसा अहवाल द्यायचा, हे आमचं काम. आमच्या कागदावर ग्रामपंचायतीने विश्वास ठेवायचा, आणि ग्रामपंचायतीवर गावाने.

तो माणूस त्याच्या गावचा जलसुरक्षक होता. प्रत्येक गावात पाण्याचे नमुने आणून देणारा एक माणूस नेमलेला असतो, त्याला हे भारदस्त नाव. बहुतेक गावांत हे काम कुणाच्या तरी गळ्यात पडलेलं असायचं. काहीजण चार गावांच्या बाटल्या एकाच हापशीवर भरून आणत, हे आम्हाला कळायचं आणि आम्ही काही बोलायचो नाही. हा मात्र वेगळा. घरचा भाजीपाल्याचा मळा, ओढ्याकाठी थोडी जमीन, वांगी, मेथी, कोथिंबीर. आठवडी बाजारात स्वतः दुकान मांडून बसायचा. पन्नाशीच्या आतबाहेरचा, बोलायला सरळ. "मॅडम, मी सातवी शिकलो, पन पानी मले समजते," असं त्याने एकदा सांगितलं होतं.

त्याचं गाव खारपाणपट्ट्याच्या काठावर. पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, कसदार, आणि खाली पाणी खारं. त्या गावच्या बायका पिण्याचं पाणी शिवारातल्या एका विहिरीवरून आणायच्या. विहीर एका शेतकऱ्याची, गावापासून बरीच दूर, पण त्यातल्या त्यात गोड्या पाण्याची. तो शेतकरी कुणाला नाही म्हणत नसे. गावातल्या हापशीचं पाणी जनावरं पीत आणि भांडी घासायला होई. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे.

मग सरकारी योजनेतून गावाच्या उत्तरेला नवा बोअर झाला आणि गोड पाणी लागलं.

ते सांगायला तो बाटली घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मॅडम, डाळ अशी शिजून राहिली का विचारू नका. बायाईनं तर नारळ फोडला. पन एक बुढी हाय आमच्या गावात. ते म्हने, साऱ्या शिवारात देवानं खार देली, मंग इथंच गोड कोठून आलं? तपासल्याबिगर मी तोंडाले लावत नाई. मले बी पटलं. मी म्हनलं, अकोल्याच्या मॅडमचा कागद येऊ द्या. तोवर विहीर सोडू नका."

म्हातारीची शंका शहाणपणाची होती. आपल्याकडे जे पाणी जिभेला हलकं लागतं, ज्यात डाळ छान शिजते, त्यात कधीकधी फ्लोराइड जास्त असतं. खडकातून ते पाण्यात उतरतं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही, आणि उकळून ते जात नाही. थोडं असलं तर चालतं. जास्त असलं तर लहान लेकरांचे पक्के दात हिरडीतून बाहेर येतानाच डागाळलेले येतात, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर मोठ्यांची हाडं धरतात. म्हणजे त्या बोअरच्या पाण्यात तपासायची मुख्य गोष्ट एकच होती, आणि नेमकी तीच मला तपासता येत नव्हती.

फ्लोराइड मोजण्याच्या यंत्राला पेनासारखी एक कांडी असते, ती पाण्यात बुडवायची. इलेक्ट्रोड म्हणतात तिला. आमची कांडी सहा महिन्यांपूर्वी निकामी झाली होती. नवी मागवायचं पत्र मी त्याच आठवड्यात पाठवलं होतं. मग स्मरणपत्र. मग दुसरं स्मरणपत्र. वरून उत्तर आलं की खरेदी आता राज्यपातळीवर एकत्र होणार आहे, जिल्ह्याने परस्पर काही घेऊ नये. प्रयोगशाळेत मंजूर पदं सात होती आणि आम्ही तिघं होतो. एक मी, एक सहायक आणि आमचे साहेब, ज्यांच्याकडे आणखी एका जिल्ह्याचा अतिरिक्त कार्यभार होता. ते आठवड्यातून दोन दिवस येत. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता.

त्याच वर्षी अहवाल संगणकावर भरायची पद्धत सुरू झाली होती. प्रत्येक नमुन्यासाठी एक तक्ता, त्यात रकाने. सगळे रकाने भरल्याशिवाय तक्ता पुढे सरकत नसे. मी फ्लोराइडचा रकाना रिकामा ठेवून बघितला, लाल अक्षरं आली. "तपासले नाही" असं लिहून बघितलं, ते घेईना. फक्त आकडा घेत होता. शून्य टाकावं तर ते उघड खोटं.

मी साहेबांना विचारलं.

"बाजूच्या गावचा आकडा आहे ना मागच्या वर्षीचा?" ते म्हणाले.

"आहे. शून्य पूर्णांक सहा. पण तो जुन्या बोअरचा आहे, सर."

"एकाच पट्ट्यातलं पाणी आहे. टाका तोच. कांडी आली की फेरतपासणी करून घेऊ. महिनाअखेर आहे, आपले दीडशे नमुने अजून अडकलेत. उद्या वरून विचारणा आली तर मी काय सांगू?"

मी आकडा टाकला.

त्यांनी मला धमकावलं नव्हतं, हे मला इथे नीट लिहायचं आहे. मी अडून बसले असते तर ते चिडले असते, फार तर दोन दिवस बोलले नसते. नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत बाटली पाठवता आली असती. त्याला पत्र लागलं असतं, सही लागली असती, महिनाभर वाट पाहावी लागली असती, पण पाठवता आली असती. तेही नको, तर छापील अहवालाच्या खाली मी पेनाने एक ओळ लिहू शकत होते की फ्लोराइडची तपासणी झालेली नाही. कागद माझा होता, पेन माझं होतं. त्या दिवशी घड्याळात पाच वाजत आले होते आणि माझी गाडी सव्वापाचची होती. बोट दाबलं आणि तक्ता पुढे सरकला. हिरव्या अक्षरांत "पिण्यास योग्य" असं उमटलं. मी पर्स उचलली आणि स्टेशनकडे पळाले. गाडीत जागा मिळाली, आणि मूर्तिजापूर यायच्या आत मी ते सगळं विसरलेही होते.

चार दिवसांनी तो अहवाल न्यायला आला. कागद दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. 

"सारं बराबर हाय ना मॅडम?"

"हो," मी म्हणाले.

पुढची हकिगत त्याच्याकडूनच कळली. ग्रामसभेत त्याने तो कागद वाचून दाखवला. म्हातारी म्हणाली, मला वाचता येत नाही, तू शपथ घे. त्याने शपथ घेतली. मग बायकांनी शिवारातल्या विहिरीची वाट सोडली. नव्या बोअरच्या हापशीच्या खांबाला पाणी योग्य असल्याचा हिरवा पट्टा मारला गेला, तोही त्यानेच मारला. पुढच्या वेळी तो आला तेव्हा सोबत अडीच वर्षांची नात होती, अकोला बघायला आणलेली. आमच्या टेबलावरच्या काचेच्या नळ्या पाहून ती खुदकन हसली. दुधाचे दात, पांढरे, ओळीने. सहायकाने तिला एका नळीत निळा रंग करून दाखवला. आजोबाने पिशवीतून वांगी काढून टेबलावर ठेवली. मी नको म्हटलं. "तुमच्या पान्यावरची हायेत," तो म्हणाला.

तीन वर्षं तो बाटल्या आणत राहिला. उन्हाळ्याआधी एक, पावसाळ्यानंतर एक. कांडी आली नाही. दर वेळी मी फ्लोराइडच्या रकान्यात आकडा टाकत गेले. आता शेजारच्या गावचा आकडा पाहायची गरज नव्हती, त्याच बोअरचा मागचा अहवाल समोर होता. शून्य पूर्णांक सहा. कधी पाच, कधी सात, दर वेळी तोच कसा दिसेल म्हणून. पहिल्यांदा मी अंदाज केला होता असं म्हणता येईल. नंतरच्यांना काय म्हणायचं, मला माहीत नाही. माझाच खोटा आकडा मला पुरावा झाला होता. बाकीच्या तपासण्या मी चोख करत होते, क्षार, नायट्रेट, कठीणपणा, सगळं दोनदा मोजून. त्या चोखपणाच्या आड हा एक रकाना लपून राहत होता. शिवाय स्मरणपत्रांची फाईल होती. मनात कधी टोचलं की मी ती फाईल आठवायची. अकरा पत्रं, जावक क्रमांकासह.

चौथ्या वर्षी एका दुपारी खोकं आलं. दोन कांड्या, रसायनं, सगळं. मी आणि सहायकाने त्याच आठवड्यात सगळे शिल्लक नमुने मोजायला घेतले. त्यात त्याची बाटली होती. आकडा तीनच्या वर गेला. दीडच्या वर पाणी अयोग्य धरतात. मी कांडी धुतली, पुन्हा मोजलं. ताजं द्रावण केलं, पुन्हा मोजलं. सहायकाला मोजायला लावलं. तीनच्या खाली येईना.

साहेब म्हणाले, "रीतसर फेरनमुना मागवा. तालुक्याला पत्र काढा." पत्र काढलं, पण त्याआधी मी त्याला फोन केला आणि उद्याच बाटली घेऊन ये म्हटलं. त्या सगळ्या प्रकरणात मी वेळेवर केलेली गोष्ट एवढीच.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तो दारात होता. त्याच्यासमोरच मोजलं. त्याला आकडे वाचता येत होते. त्याने यंत्राच्या काचेवरचा आकडा वाचला. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "पानी बदललं का मॅडम?"

मी त्याला खरं सांगायला हवं होतं. ती जागा होती, ती वेळ होती, आणि दुसरं कोणी नव्हतं. पण त्याने प्रश्नातच मला बाहेर पडायला दार करून दिलं होतं, बिचाऱ्याने नकळत. मी त्या दारातून निघून गेले.

"होतं असं," मी म्हणाले. "पातळी खाली गेली की पाणी बदलतं."

हे शास्त्राला धरून आहे. पातळी खाली गेली की पाणी बदलू शकतं. त्या बोअरचं बदललं होतं की पहिल्या दिवसापासून ते तसंच होतं, हे मला माहीत नव्हतं, आणि आता कधीच कळणार नाही, कारण मी ते मोजलंच नव्हतं.

तो मान हलवून गेला. गावात जाऊन त्याने तेच सांगितलं. पाणी बदललं. हिरव्या पट्ट्यावर त्यानेच लाल रंग मारला.

गावाने ते मानलं नाही. गावाचं म्हणणं सरळ होतं. तीन वर्षं जे पाणी चांगलं होतं ते एका महिन्यात वाईट कसं झालं? चव तीच, डाळ तशीच शिजते. म्हणजे मॅडमचा कागद खरा, मशीन खरी, खोट कुठे तर बाटलीत. यानेच आळस केला, तीन वर्षं दुसऱ्याच कुठल्या हापशीचं पाणी नेऊन दाखवलं. असं करणारे आसपासच्या गावांत होतेच, त्यामुळे ते पटायला वेळ लागला नाही. चिठ्ठीवर मिनिटं लिहिणाऱ्या माणसावर गावाने हा आरोप ठेवला. त्याने शपथा घेतल्या, पण शपथ तर त्याने आधीही घेतली होती. पुढच्या ग्रामसभेत त्याच्याकडून ते काम काढून घेतलं. नवा जलसुरक्षक आला, तो कधीच प्रयोगशाळेत दिसला नाही. बाटल्या कुणाच्या तरी हाती यायच्या.

शिवारातली जुनी विहीर तोवर बिघडली होती. तीन वर्षं उपसा नाही, कठडा ढासळलेला, आत झुडपं. गावाला दोन उन्हाळे टँकर लागला. मग धरणावरून येणाऱ्या योजनेची पाईपलाईन पोचली आणि प्रश्न कागदावरून उतरला. 

मला हे सगळं तुकड्यातुकड्याने कळत गेलं, तालुक्याहून येणाऱ्या लोकांच्या बोलण्यातून. त्याला काढल्याचं कळलं तेव्हा मी ग्रामपंचायतीला पत्र लिहायला बसले होते. "सदर व्यक्तीने आणलेले नमुने योग्य पद्धतीने घेतलेले होते" एवढं लिहिलं आणि पुढच्या ओळीला अडले. नमुने योग्य होते तर आधीचा आकडा कुठून आला, हे लिहावं लागलं असतं. कागद घडी करून खणात टाकला. काही वर्षांनी मी निवृत्त झाले. खण रिकामा करताना तो सापडला, आणि मी तो फाडून टाकला.

निवृत्तीनंतर एक-दोन वर्षांनी त्याचा फोन आला. मी आवाज ओळखला नाही. गाव सांगितलं तेव्हा ओळखला, आणि वाटलं, त्याला सगळं कळलं. पण त्याचं काम वेगळंच होतं. "मॅडम, तुमी राजापेठेत राहता ना? नात बारावीले हाय. अमरावतीले क्लास लावून राहिलो तिले. पोरीची जात, कोनी ओळखीचं पायजे. एखादी खोली पाहून देता का?"

आमच्याच गल्लीत एक विधवा बाई मुलींना ठेवून घेत. मी तिथे जागा पाहून दिली. जूनमध्ये तो नातीला सोडायला आला नाही, तिचे वडील आले. मुलगी उंच, चुणचुणीत. नमस्कार करून ती हसली आणि हसताना तिने तळहात तोंडावर धरला. नंतर माझ्या लक्षात आलं की ती नेहमीच तसं करते. पुढचे दात तपकिरी, वर खडूसारखे पांढरे चट्टे. गल्लीतून रोज शेकडो मुलं सॅक पाठीला लावून स्कूटींच्या गर्दीतून क्लासला जातात. मी गॅलरीतून त्यांच्यात तिला शोधायची. मैत्रिणी खिदळत असल्या तरी तिचा हात वर असायचा.

ती रविवारी माझ्याकडे जेवायला येऊ लागली. एकदा मी धीर करून म्हटलं, "दातांवर उपाय असतो गं. डॉक्टर वरून थर देतात. मी नेते तुला."

"राहू द्या ना काकू," ती म्हणाली. "आमच्या वर्गातल्या साऱ्याईचेच असे हायेत. गावात कोनाले काही वाटत नाही. इथं आल्यावर समजलं का हे वेगळं दिसते म्हणून." मग पोळीचा तुकडा मोडत तिने विचारलं, "काकू, तुमी पाणी तपासत होत्या ना? आबाच्या बाटल्या खऱ्या होत्या का हो?"

"म्हणजे?"

"गावात आबाले अजून बाटलीवाला म्हणतात. भांडण झालं का कोणीही काढते. माझी आई बी एकदा बोलली होती त्यायले, तुमच्या बाटल्याईनं माह्या पोरीचे दात गेले म्हणून. आबा त्या दिवसापासून जेवाले ओसरीतच बसतात."

मी तिला म्हटलं, तुझ्या आबांच्या बाटल्या खऱ्या होत्या. ती माझ्याकडे बघत राहिली, पुढचं ऐकायला. मी भात वाढायला उठले.

त्या आठवड्यात मी आमच्या जुन्या प्रयोगशाळेत फोन लावला. आता तिथे एक तरुण रसायनी आहे, कंत्राटावर. तिला विचारलं, अजूनही रकाना आकडाच मागतो का. "नाही मॅडम," ती म्हणाली, "आता 'तपासणी झाली नाही' असा पर्याय आहे." मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पण तो निवडला की जिल्ह्याच्या तक्त्यात आपलं नाव लाल होतं, आणि बैठकीत उभं करतात. म्हणून कोणी निवडत नाही." मी तिला माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली होती. तिच्याकडे दुसरा फोन वाजला.

नंतरच्या सोमवारी मी एकटीच अकोल्याला गेले आणि तिथून तेल्हाऱ्याची बस धरली. गावात उतरून विचारलं तर एका पोराने नाव सांगताच "बाटलीवाले आबा?" म्हणून वाट दाखवली. तो मळ्यात होता. सत्तरीकडे झुकलेला, गुडघे धरून चालणारा. त्याला फार आनंद झाला. वांग्याच्या सरीकाठी गोणपाट अंथरलं, मला बसवलं. नातीची चौकशी केली. मी म्हटलं, "भाऊ, मला एक सांगायचंय," आणि सगळं सांगितलं. कांडी, तक्ता, शेजारच्या गावचा आकडा, तीन वर्षं, आणि शेवटी पाणी बदललं म्हणाले तेही.

तो ऐकत असताना हातातल्या विळ्याने समोरची माती उकरत होता. माझं संपल्यावरही उकरत राहिला.

"म्हंजे पानी बदललंच नोतं," तो म्हणाला.

"मला माहीत नाही. मी मोजलंच नव्हतं."

"मंग हे त्या दिवशी काहून नाही सांगतलं?"

भीती वाटली म्हटलं.

"कोनाची? माही?"

तो उठला. "चला," म्हणाला. "हे गावात सांगा."

मी त्यासाठी तयार होऊन आले नव्हते, हे कबूल करते. मला त्याच्यासमोर रडून मोकळं व्हायचं होतं आणि परतीची बस धरायची होती. पण मी त्याच्यामागून गेले. ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर सात-आठ माणसं होती. सरपंच तरुण होता, त्या वेळी शाळेत असेल. मी उभं राहून सांगितलं. तो बाजूला भिंतीला टेकून उभा होता, हात मागे बांधून, जणू त्याचा निकाल वाचला जात होता.

माझं झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "बाई, आता धरनाचं पानी येते गावात. कायले काढता हे?" सरपंच म्हणाला, "लेखी देता का?" मी हो म्हटलं, आणि त्याच्याच वहीच्या कागदावर लिहून दिलं, सहीसकट. त्याने तो वाचला, घडी करून खिशात ठेवला. पुढे त्या कागदाचं काय झालं मला माहीत नाही. शपथ घ्यायला लावणारी ती म्हातारी कधीचीच गेली होती. ज्यांनी ग्रामसभेत त्याला बोल लावले होते, त्यांतले दोघं अकोल्याला मुलांकडे राहत होते. ज्यांना ते कळायला हवं होतं, त्यांच्यापैकी ओट्यावर एखादाच होता.

परत येताना तो माझ्यासोबत वेशीपर्यंत आला. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम," तो थांबून म्हणाला, "तुमी ते जागा खाली सोडली असती, तर मी गावाले सांगतलं असतं का मॅडमले अजून माईत नाई. थांबा म्हनलं असतं. बाया थांबल्या असत्या, विहीर होती ना तवा. मले 'माईत नाई' म्हनाले लाज नोती वाटत."

मी हात जोडले. त्याने हात जोडले नाहीत, पण मान हलवली.

"पोरीले यातलं काही सांगतलं का?"

"नाही."

"मी सांगतो," तो म्हणाला. "तिच्या आईलेही सांगतो. तुमी नका सांगू." आणि तो मळ्याकडे वळला.

नात पुढचे दोन रविवार जेवायला आली नाही. तिसऱ्या रविवारी आली. जेवली, ताट उचलून ठेवलं, अभ्यास आहे म्हणून लवकर गेली. मला ती आता काकू म्हणत नव्हती, मॅडम म्हणायची. परीक्षा झाल्यावर सामान आवरून गावी गेली. तिला कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचं घरमालकीणबाईंकडून कळलं. त्याचा फोन त्यानंतर आलेला नाही. मी दोनदा लावला. एकदा त्याच्या सुनेने उचलला. म्हणाली, "मामंजी जेवून राहिले, आत बसले हायेत. निरोप देऊ का?"

मी म्हटलं, नको, जेवू दे त्यांना.